द्वारकाबाईची जागा

मुंबई, ५ जानेवारी १९५७

चि. उमा हिस भालचंद्रचे अनेक आशीर्वाद.

पाच खाटांवर पाच बाळंतिणी आणि आणखी तीन जणी जमिनीवर, असं तू तक्रारीच्या सुरात लिहिलंस. मला मात्र वाचून आनंद झाला. रागावू नकोस. जुन्या जालन्यातलं वडिलांचं कापडाचं दुकान विकून मी सगळा पैसा भोकरदनच्या दवाखान्यात घातला, तेव्हा गल्लीतल्या लोकांनी मला वेड्यात काढलं होतं. मावसबहीण डॉक्टर झाली म्हणून भाऊ भुलला, असं म्हणत होते. आज दोन वर्षांत तुझ्याकडे जमीनही पुरत नाही.

इथे औषधांच्या पेढीवर बसून मला रोज दिसतं की काळ बदलतोय. धरणं होताहेत, गिरण्या वाढताहेत, पंचवार्षिक योजना दुसऱ्यांदा आली. कापडाची हौस माणूस पुढे ढकलतो, ताप पुढे ढकलता येत नाही. येत्या दहा वर्षांत आपल्या भागात जो पहिला मोठा दवाखाना उभा करील, तो कायमचा उभा राहील.

आमच्या पेढीचे मालक काकासाहेब एक्स-रेचं यंत्र आणि शस्त्रक्रियेची खोली यांत भांडवल घालायला तयार झाले आहेत. अट एकच, जागेचे कागद स्वच्छ हवेत. आपले तिसरे भागीदार रामराव यांनी जागा दिली ती तोंडी. ती त्यांच्या धाकट्या भावजयीच्या नावावर आहे, तिच्या बापाकडून आलेली, हे मला आत्ता कळतंय. तिचा अंगठा घ्या, असं त्यांना लिहिलं आहे. घरचीच बाब आहे, आठवड्यात होईल.

तुझा,
भालचंद्रदादा

---

भोकरदन, १७ जानेवारी १९५७

ती. दादास सा. न.

एक्स-रे आला तर मला नको आहे असं नाही. गेल्या महिन्यात मांडीचं हाड मोडलेला एक जण बैलगाडीतून जालन्याला नेता नेता गेला. पण अंगठ्याची घाई करू नकोस.

ही भावजय म्हणजे द्वारकाबाई. रामरावांचा धाकटा भाऊ मच्छिंद्र, त्याची बायको. पिंपळगाव रेणुकाईहून बाजाराच्या दिवशी येते आणि माझ्याकडे डोकावतेच. भुईमुगाच्या शेंगा आणते, बाळंतिणींना खायला घालते, मी ओरडले तर हसते. लग्नाला अकरा वर्षं झाली, मूल नाही. परवा तिच्या पाठीला मलम लावलं. वळ होते, चाबकाचे. कशाचे म्हणून मी विचारलं नाही, तिनेही सांगितलं नाही.

सांगितलं ते जागेचं. म्हणाली, "डॉक्टरीणबाई, मी दवाखान्याला न्हाई कवा म्हन्लं? चालू द्या, वाढू द्या. पन जागा माझ्या नावावर ऱ्हाऊ द्या. ह्यांना दुसरी करायची है. कायदा आडवा आला म्हून थांबलेत. माझ्या नावावर बापाची जागा है तवर मला घरात ठेवतेत. अंगठा दिला की मी कुठं जाऊ? आईच्या दारात?"

तिची आई तुळजाबाई इथेच भोकरदनला एकटी असते.

दादा, मला यातून दुसरी वाट दिसते. द्वारकाबाईलाच भागीदार करून घे. रामरावांऐवजी तिचं नाव. काकासाहेबांना कागद हवा, तो असाही स्वच्छच होईल.

उमा

---

मुंबई, २४ जानेवारी १९५७

श्री. रामराव यांस भालचंद्रचा नमस्कार.

आपलं उत्तर आलं नाही. काकासाहेबांना अकोल्याच्या एका डॉक्टरनेही गळ घातली आहे. फेब्रुवारीअखेर संमतीपत्र हाती पडलं नाही तर यंत्र तिकडे जाईल, आणि आपण तिघे पाच खाटांचे मालक म्हणून म्हातारे होऊ.

उमाने भलतंच काही सुचवलं आहे, भावजयीला भागीदार करण्याचं. ते मी मनावर घेतलेलं नाही. व्यवहार आपल्या दोघांत ठरला आहे. संमतीपत्राचा मसुदा सोबत पाठवतो. आधी यावर अंगठा घ्यावा, नोंदणी मागाहून करू. बायकामाणसांच्या अडी कशा सोडवायच्या, हे आपल्यासारख्या घरच्या कारभाऱ्याला मी सांगायला नको.

आपला,
भालचंद्र

---

पिंपळगाव रेणुकाई, २० फेब्रुवारी १९५७

भालचंद्रराव यांस रामरावचा रामराम.

आपला कागज सोबत रवाना केला आहे. अंगठा बराबर उमटला आहे. साक्षीला आमच्या दोन माणसांच्या सह्या आहेत. घरात थोडी तक्रार झाली, पण मच्छिंद्रने आवरलं. आता यंत्राचं जल्दी करावं. डॉक्टरीणबाईंना हा कागज कधी झाला, कसा झाला, याची चर्चा बिलकुल नको. बायकांचं मन नाजूक असतं.

रामराव

---

भोकरदन, २३ फेब्रुवारी १९५७

दादा,

द्वारकाबाई गेली. काल सकाळी.

मंगळवारी दुपारी बाराच्या सुमारास पिंपळगावची गाडी दारात आली. वर कडबा टाकला होता. मला वाटलं, कडबाच आणलाय कुणी. मच्छिंद्र खाली उतरला आणि म्हणाला, "माळवदावरनं पडली." कारभारीने कडबा बाजूला केला. कारभारी म्हणजे माझा कंपाउंडर, तुला आठवत असेल. सैन्यात होता, पुष्कळ पाहिलेला माणूस आहे. तो दोन पावलं मागे सरला.

सगळं लिहिते. कुणीतरी नीट लिहून ठेवायला हवं. कवटी डाव्या बाजूला फुटलेली, हात लावला की हाड हलत होतं. बरगड्या किमान चार. डाव्या हाताची तीन बोटं मागे वळवून मोडलेली, एकेक, वेगवेगळी. पाठीवर कुऱ्हाडीच्या दांड्याचे वण, कातडी फाटलेली. माळवदावरून पडलेलं माणूस एका बाजूवर पडतं. हिला चारही बाजूंनी मारलं होतं.

आणि उजव्या हाताला ओरखडाही नव्हता. मनगटापासून बोटांपर्यंत हात जसाच्या तसा. तेवढा जपला होता. त्या हाताच्या अंगठ्यावर काळी शाई होती.

तीन दिवस ती होती. डोळे उघडे, पण ओळख नाही, वाचा नाही. तुळजाबाई उशाशी बसून तिचा अंगठा लुगड्याच्या पदराने पुसत होती. "काय लागलंय गं हिला, निघंना," म्हणत होती. मी तिला पुसू दिलं नाही. माझ्या बोलण्याचा तिला राग आला. पण फौजदारांना तो अंगठा दाखवायचा होता, आणि मी दाखवला.

त्यांनी पंचनामा केला. ते म्हणाले, बाई, गाडीवानापासून शेजाऱ्यापर्यंत सगळे एकच सांगतायत, पडली. कशावर अंगठा घेतला तो कागद सापडला तर खून उभा राहील. नाहीतर तुमचा शब्द आणि घरच्यांचा शब्द.

दादा, तू रामरावांना अंगठ्याचं लिहिलं होतंस. तो कागद तुझ्याकडे आला तर लगेच कळव.

उमा

---

मुंबई, ४ मार्च १९५७

चि. उमा हिस आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून दोन दिवस जेवण गेलं नाही. त्या बाईला मी पाहिलेलं नाही, पण तू लिहिलंस त्यावरून भली असावी.

तुझी मन:स्थिती मी समजतो. तरी वडीलकीने सांगतो, शांत डोक्याने विचार कर. शाई कशाचीही असेल. निवडणूक चालू आहे, बोटांना शाई लागतेच. माणूस पडताना कशावर आपटेल याचा नेम नसतो. तू सर्जन आहेस, न्यायाधीश नाहीस. आपला दवाखाना त्या भागातल्या शेकडो बायकांचा आहे. एका गेलेल्या बाईसाठी तो बुडाला तर जिवंत आहेत त्यांचं काय?

रामरावांशी वैर धरू नकोस. यंत्राचं थोडं लांबणीवर पडेल.

तुझा,
दादा

---

भोकरदन, १० मार्च १९५७

दादा,

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. मतदानाची शाई अंगठ्याला लावत नाहीत, आणि आमच्याकडे त्या मंगळवारपर्यंत मतदान झालंही नव्हतं. तू इतका वेडा नाहीस. मग असं का लिहिलंस?

कागदाबद्दल मी सरळ विचारलं होतं. त्यावर एक शब्द नाही.

परवा रामराव आले. खुर्चीवर बसले, पाणी मागितलं, प्यायले. म्हणाले, "बाई, तुम्ही फौजदाराला जो लेखी जबाब दिला तो मागं घ्या. बाईमाणूस है, एकटी ऱ्हाते, आमाला काळजी वाटती."

मी म्हटलं, "जबाब मागे घेणार नाही."

"बघा बुवा. मच्छिंद्रचं डोकं माझ्या हातात नस्तं."

मी हे घाबरून लिहीत नाही. घाबरले आहे हे खरं, पण त्यासाठी लिहीत नाही. तो कागद कुणाकडे तरी आहे. ज्याच्याकडे आहे तो रोज जेवतो, झोपतो, कामावर जातो. त्या माणसाला काय म्हणावं ते मला सुचत नाही.

उमा

---

भोकरदन, २५ मार्च १९५७

भालचंद्रसायबास कारभारीचा रामराम.

बाईंना लिव्हता येत न्हाई म्हून मी लिव्हतो. चूकभूल माफ करा.

शनवारी दिवसाढवळ्या, उन्हाचं, मच्छिंद्र आन् पाच जन आल्ते. हातात कुऱ्हाडीचे दांडे. बाई एका लेकराच्या पायाला पट्टी बांधून राह्यल्त्या. मी दारात आडवा झालो. पयला दांडा माझ्या डोक्यात बसला. खाली पडलो पन सुद होती, म्हून सगळं दिसलं.

त्यांनी औषधाचं कपाट पाडलं. सुया उकळायचं भांडं उकळत्या पान्यासगट एका बाळंतिनीच्या खाटंवर फेकलं. तिची मांडी भाजली, लेकरू वाचलं. बायका वरडत पळाल्या. बाई हलल्या न्हाईत. पट्टीच्या लेकराला पोटाशी धरून भितीला टेकून उभ्या ऱ्हायल्या. मच्छिंद्रनं लेकरू वढून घेतलं आन् बाजूला फेकलं. मंग बाईंचा उजवा हात टेबलावर धरला. दोघांनी धरला. त्यो म्हन्ला, "ह्याच हातानं लिव्हती ना?" आन् दांडा घातला. तीनदा. मनगटाचा आवाज मी आइकला सायेब.

बाई वरडल्या न्हाईत. पयल्या फटक्याला फकस्त आई गं म्हन्ल्या. मंग म्हन्ल्या, "मच्छिंद्र, मला डाव्या हातानंबी लिहिता येतं." त्यानं परत दांडा उचल्ला. पन तवर बाजारातली मान्सं धावत आली, तवा ते पळाले.

मच्छिंद्रला फौजदारानं धरलं है. पन फकस्त ह्या मारामारीपायी. वकील म्हन्तो वर्सा-दोन वर्सात सुटंल. रामराव तर घरीच है.

माझ्या डोक्याला नऊ टाके है. बाईंना काल औरंगाबादला नेलं. जाताना मला म्हन्ल्या, दादाला कळव, पन पैसे पाठव म्हून लिहू नको. म्हून तसं लिव्हत न्हाई.

तुमचा,
कारभारी

---

मुंबई, १ एप्रिल १९५७

उमा,

आशीर्वाद लिहायचा मला अधिकार नाही.

कागद माझ्याकडे आहे. २३ फेब्रुवारीला आला, म्हणजे तू मला ते पत्र लिहीत होतीस त्याच दिवशी. अंगठा उत्तम उमटला होता. मी तो काकासाहेबांना नेऊन दाखवला. त्यांनी पाठ थोपटली, पेढे मागवले. मी खाल्ले. चार दिवसांनी तुझं पत्र आलं. उजव्या हाताला ओरखडाही नव्हता, या ओळीपाशी मी थांबलो. कपाटातून कागद काढला. खाली तारीख होती १९ फेब्रुवारी.

तेव्हाच गाडीत बसायला हवं होतं. मी बसलो नाही. आधी मनाशी म्हटलं, बाई तर गेलीच. मग म्हटलं, दवाखाना वाचला पाहिजे. खरं सांगतो, दवाखान्याचं नावच पुढे करत होतो. मला माझं दुकान दिसत होतं, आणि गल्लीतले लोक.

अजून एक आहे. रामरावांना मी लिहिलं होतं, बायकामाणसांच्या अडी कशा सोडवायच्या हे तुम्हाला सांगायला नको. लिहिताना मला वाटलं होतं, दागिना देतील, समजूत घालतील. आता वाटतं, मला काहीच वाटलं नव्हतं. कागद हवा होता, एवढंच.

दांडा मच्छिंद्रचा होता. पण तुझा हात मोडला त्या दिवशी तो कागद महिनाभर माझ्या कपाटात पडून होता.

उद्या निघतो. परवा, ३ तारखेला, कागद आणि रामरावांचं पत्र फौजदारांच्या हातात देईन. माझंही पत्र मी स्वत:हून सांगेन. काकासाहेबांना हे सांगितलं, त्यांनी आज मला पेढीवरून कमी केलं. तुला भेटायला औरंगाबादला येणार नाही. तू बोलावशील तेव्हा येईन.

भालचंद्र

---

भोकरदन, १५ डिसेंबर १९५७

दादा,

डाव्या हाताने लिहिते आहे, म्हणून अक्षर असं.

तू साक्ष देऊन पाठ फिरवलीस ती निकालालाही थांबला नाहीस. मच्छिंद्रला जन्मठेप झाली. रामरावांना सात वर्षं. निकाल लागल्यावर रामराव माझ्याकडे बघून हसले. ते हसू अजून डोळ्यांपुढे येतं. रस्त्यात मागे पावलं वाजली की मी भिंतीला पाठ लावते.

जागा वारसाने तुळजाबाईकडे गेली. मी तिला म्हटलं, तुम्ही सांगाल तसं करू. ती म्हणाली, "तुमचा राग न्हाई बाई. पन ह्या भिती मला तिथं नगं. माझ्या लेकीच्या छाताडावर हैत त्या." मी एका शब्दाने अडवलं नाही. आठ दिवस पाडापाडी चालली. ती समोरच्या बांधावर बसून शेवटची वीट निघेपर्यंत बघत होती. विटा, दारं, तुळया मला देऊन टाकल्या. आता मी बस थांब्यामागे पत्र्याच्या शेडमध्ये बसते. दोन खाटा आहेत. तुझी मनीऑर्डर परत केली. पुन्हा पाठवू नकोस.

माणूस मात्र हवं आहे. माझं मनगट वाकडं जुळलंय, बोटं मिटत नाहीत. जानेवारीत औरंगाबादला ते पुन्हा मोडून बसवणार आहेत. महिनाभर कारभारी एकटा पडेल. जालन्याचे डॉक्टर दिवसाआड येतील, पण औषधं मोजून देणारं, नोंदी ठेवणारं कुणी नाही. तुला ते येतं. वाटलं तर ये. भागीदार म्हणून नव्हे.

तुला मी माफ केलंय असं समजू नकोस. मला ते जमेल की नाही मला माहीत नाही.

आणखी एक गोष्ट. तुळजाबाई दमा झाल्यापासून माझ्याकडे येते. कोर्टात ती बाहेर ओसरीवर बसून होती, आतलं तिने ऐकलं नाही. मुंबईच्या एका भल्या माणसाने कागद शोधून आणला, एवढंच तिला माहीत आहे. तुला ती दुवा देते. मी तिला काही सांगितलेलं नाही आणि सांगणारही नाही. ते तुझं काम आहे.

उमा

---

भोकरदन, २० जानेवारी १९५८

उमा,

तुझ्या हाताची शस्त्रक्रिया नीट झाली, असं जालन्याचे डॉक्टर सांगत होते. ते ऐकून बरं वाटलं.

इथे रोज तीसेक माणसं येतात. मी पुड्या बांधतो, नोंदी करतो, संध्याकाळी खाटा धुतो. कारभारी माझ्याशी कामापुरतं बोलतो.

आज दुपारी तुळजाबाई आली. दम लागला होता. मी स्टूल दिलं. तिने विचारलं, "तुमी कोन म्हनायचं, बाबा?"

मी म्हटलं, "मी भालचंद्र. मुंबईहून कागद आणला तो."

ती उठायला लागली. माझे पाय धरायला, उमा. मी तिला दंडाला धरून बसवलं आणि म्हटलं, "आधी ऐका." शेडमध्ये दहाबारा माणसं होती. मी सगळं सांगितलं. अंगठा मीच मागवला होता, रामरावांना काय लिहिलं होतं तेही शब्दन् शब्द. कागद मी शोधला नव्हता, माझ्याच कपाटात होता, हेही.

तिने माझा हात दंडावरून झटकला. मग म्हणाली, "किती दिस व्हता तुमच्यापाशी?"

"एकोणचाळीस."

तिने शेजारची काठी उचलली. पहिला तडाखा खांद्यावर बसला, दुसरा कानावर. कानातून रक्त आलं. कारभारी पुढे धावला, मी त्याला हाताने थांबवलं. तिसरा हाणताना तिला धाप लागली, काठी हातातून सुटली आणि ती स्टुलावर कोसळली. मी इंजेक्शनची पेटी कारभारीकडे सरकवली. त्याने तिला इंजेक्शन दिलं. मी तिच्या समोर उभाच होतो. कुठे जावं ते मला कळत नव्हतं.

अर्ध्या तासाने तिचा श्वास खाली बसला. तिने डोळे पुसले आणि माझ्याकडे न बघता कारभारीला विचारलं, "डॉक्टरीण कवा येती?"

तो म्हणाला, "पुढच्या महिन्यात."

मी तिच्या औषधाची पुडी बांधून पुढे केली. तिने ती माझ्या हातातून घेतली नाही. मी पुडी स्टुलावर ठेवली आणि दोन पावलं मागे झालो. तेव्हा तिने ती उचलली आणि गेली.

भालचंद्र